जपून चालवलेलं इंजिन

मला मोटारींचं काडीचंही प्रेम नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी झडप, टर्बो, सिलिंडर असले शब्द वापरणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाईला हौस दिसते. हौस नाही. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, डिचोलीहून इब्रामपूरला रोज जाते-येते, आणि एका छोट्या इंजिनाची कुंडली मला पाठ झाली ती निव्वळ नाइलाजाने. घरात एखादं पथ्याचं माणूस असलं की त्याला काय चालतं आणि काय बाधतं हे आपल्याला नको असतानाही कळत जातं, तसंच झालं.

इंजिन नऊशे नव्व्याण्णव सीसीचं. तीन सिलिंडर, टर्बो, पेट्रोलवर चालणारं. जुन्या गाड्यांत पेट्रोल हवेत मिसळून झडपेवरून आत जायचं. ह्यात झडपेतून नुसती हवा जाते आणि पेट्रोल वेगळ्या वाटेने, भयंकर दाबाने, थेट सिलिंडरच्या पोटात फवारलं जातं. त्यामुळे म्हणे एवढ्याशा इंजिनातून थोरल्या इंजिनाची ताकद निघते आणि पेट्रोलही कमी लागतं. कागदावर सगळं झकास होतं. कागदावर आमची शाळाही झकास आहे.

गाडी मी घेतली ती जुनीच, एका पणजीच्या माणसाकडून. चालवण्याचं लायसन माझ्या पर्समध्ये होतं, पण चालवू लागले बाबा. ते का, हे सांगायला हवं.

आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे. बाबा तरुणपणी खाणीवर ड्रायव्हर म्हणून डिचोलीत आले आणि पुढे स्वतःचा ट्रक घेऊन मये, शिरगाव, पाळीच्या बाजूने खनिज वाहू लागले. दिवसाला जास्त ट्रिपा मारायच्या म्हणून बाकीचे ड्रायव्हर जिवावर उदार होऊन ट्रक पळवायचे. त्या लाल धुळीत आणि त्या पळवापळवीत किती माणसं गेली, ते डिचोलीकरांना सांगायला नको. बाबा मात्र पळवत नसत. ट्रक आपला, डिझेल आपलं. जितक्या लवकर वरचा गियर पडेल तितका टाकायचा, पाय अलगद ठेवायचा, इंजिनाला जोराचा श्वाससुद्धा घेऊ द्यायचा नाही. ‘इंजिनाचो आवाज मोठो इलो काय समजाचा, चालवणाऱ्याक अक्कल नाय,’ हे त्यांचं वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. त्यांच्या ट्रकचं इंजिन कधी उघडावं लागलं नाही. ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात बढाई म्हणून सांगितली. दुसरे ट्रकवाले आपली गाडी बिघडली की आधी बाबांना बोलवत, बॉनेटवर कान ठेवायला.

मग खाणी बंद झाल्या. आज उघडतील, उद्या उघडतील करता करता ट्रक दारात उभ्याउभ्या गंजला. शेवटी भंगारवाला आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, ‘इंजिन उघडलेला नाय हां.’ त्याने ऐकलंसुद्धा नाही, तो टायर मोजत होता. त्या दिवसापासून बाबा गप्प झाले. बोलले तर जेवणाबद्दल, तेही आईने विचारलं तर. मला आजही सांगता येत नाही त्या दिवसांत मी किती घाबरले होते. माणूस जिवंत असून घरातून कमी होत चाललेला मी पाहत होते.

गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी आपणहून एक प्रश्न विचारला.

‘तीन? चौथो खय गेलो?’

‘तीनच असतात हेका,’ मी म्हटलं.

‘माझ्या ट्रकाक सहा होते.’ मग तेलाची पट्टी काढून बोटावर तेल चोळून पाहिलं. ‘आणि ह्या काय तेल? पाणी आसा ह्या.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स घेऊन बाहेर आले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून स्टीअरिंगवर बसलेले. ‘बस,’ म्हणाले. मी बसले. मी त्या दिवशी जी डाव्या सीटवर बसले ती बसलेच. लोकांना वाटायचं, मास्तरीण बापाला राबवते. मला माहीत होतं की स्टीअरिंगमागची ती खुर्ची म्हणजे त्यांचं औषध आहे, आणि ते तुटलं तर मला दुसरं औषध माहीत नाही.

त्यांचा रोजचा रिवाज ठरलेला होता. पाववाल्या पदेराचा भोंगा वळणावर वाजला की बाबा गाडी चालू करत. मग पदेर यायचा, आई पाव घ्यायची, माझी आंघोळ, चहा, केस विंचरणं, हे सगळं होईपर्यंत गाडी दारात उभी राहून फुरफुरत असायची. ‘गरम होवंदे गो. थंड इंजिनाक ताणल्यार ता मरता.’ गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारं एक बटण होतं, ते बाबा बसल्या बसल्या पहिल्यांदा निकामी करत, कारण ‘बंद-चालू, बंद-चालू, ह्या काय नळ आसा?’ मग मेणकुरें, साळ करत आम्ही निघायचो. सपाटीला लागलो न लागलो की पाचवा गियर. चढ आला तरी गियर खाली घालणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. इंजिन थरथर कापत, आवंढे गिळत चढ चढायचं आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘बघलंस? ओढता.’

मला शाळेत सोडून ते गावातल्या चहावाल्याकडे भाजी-पाव खात बसत आणि आल्यागेल्याला इंजिनाची माहिती सांगत. सीसी, टर्बो, पेट्रोलची थेट फवारणी, सगळं. जुने ट्रकवाले भेटले की चिडवत, ‘काय रे, शिवणाचा मशीन घेतलंस?’ बाबा हसत. आता ते घरीही बोलू लागले होते. आईशी भांडले एकदा, बांगड्याच्या आंबटतिखटात मीठ जास्त म्हणून. आई आत येऊन मला म्हणाली, ‘भांडाक लागले. बरा झाला.’

तर असं सगळं बरं चाललेलं असताना इंजिनाने अंग काढून घ्यायला सुरुवात केली.

आधी पिवळा दिवा लागला. मग सकाळी चालू केल्यावर गाडी उचक्या देऊ लागली. मग साळच्या चढावर ताकद जाऊ लागली, आणि एक दिवस ती तिथेच बंद पडली. मागे बस, बसच्या मागे दुधाचा टेम्पो, सगळे भोंगे वाजवतायत, शाळेची घंटा झालेली असणार, आणि बाबा स्टीअरिंगवर हात ठेवून शांत बसलेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरलेपण होतं. ट्रकवाल्याची गाडी रस्त्यात बंद पडते म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे काही महिने मी सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत घालवले. तिथल्या कॉफीच्या मशीनला माझी सवय झाली. प्लग बदलले. कॉइल बदलली. एक सेन्सर बदलला आणि तो खराब नव्हता असं नंतर सांगितलं. पेट्रोल भेसळीचं असेल, पंप बदलून बघा, म्हणाले. बाबांनी पंप बदलला, नंतर आणखी एकदा बदलला. गाडी आठवडाभर बरी चालायची की पुन्हा दिवा. शाळेत मधल्या सुट्टीत मी फोनवर ह्याच इंजिनाबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचत बसे. अर्धे म्हणत, ह्यासारखं इंजिन नाही, लाखभर किलोमीटर हातही लावावा लागला नाही. उरलेले शिव्या घालत. देवाच्या बाबतीत असतं तसंच हेही, ज्याला पावलं त्याला पावलं. मी कंटाळले होते. गाडीला, गाडीबद्दलच्या बोलण्याला, रोज सकाळी दिव्याकडे पाहून दिवस ठरण्याला. मुख्याध्यापिकेला मी कारणं देई आणि ती नुसती मान हलवी, ते सगळ्यांत वाईट.

शेवटी कोणीतरी धारगळच्या हमरस्त्यावरचं एक गॅरेज सुचवलं. मेकॅनिक कोल्हापूरकडचा, इकडे कारखान्यात आला आणि मग स्वतःचं टाकून बसलेला. बाबांना तो पटला नाही. ‘घाटावयलो मनीस,’ एवढंच म्हणाले. पण त्याने गाडी ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी आम्हाला बोलावलं. हवा आत नेणारा भाग त्याने सोडवून ठेवला होता. आत बॅटरी मारून मला म्हणाला, बघा. मी पाहिलं. झडपांच्या पाठीवर चुलीच्या भांड्याच्या बुडाला असते तशी काळी, जाड खरड साचलेली होती. हवेला जायला जागाच उरली नव्हती.

‘जुन्या इंजिनात पेट्रोल ह्या झडपांवरनं जायचं, आपोआप धुतल्या जायच्या,’ तो म्हणाला. ‘ह्यात पेट्रोल इथं येतच न्हाई. तेलाची वाफ येती आन् भाजून चिकटती. अक्रोडाच्या टरफलाची पूड जोरात मारून साफ करायची.’

बाबा पुढे झाले. ‘अक्रोडाची? हय काजी पडलेली असताना?’

‘काजूच्या टरफलाला तेल असतंय काका. अजून चिकटंल.’

बाबांना हे पटलं नसावं. ते समोरच्या गाड्यावर चहा घ्यायला गेले. ते रस्ता ओलांडेपर्यंत मेकॅनिक थांबला.

‘गाडी काका चालवत्यात?’

‘हो.’

‘लई जपत्यात न्हवं?’ हात पुसत तो म्हणाला. ‘उभी करून तापवत असणार. चढाला वरच्याच गिअरात. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारावर जाऊ देत नसणार. मॅडम, ह्या इंजिनाला जपलेलं सोसत न्हाई. माझ्याकडं रेंट-अ-कारवाल्यांच्या ह्याच गाड्या येत्यात. किनाऱ्यावर ती दिल्लीची पोरं कशी चालवत्यात, बघताय तुम्ही. पण झडपा बघा त्यांच्या, निम्मीपण घाण न्हाई.’

तो पुढे म्हणाला की घाण ही काढता येईल, पण टर्बोच्या इंजिनाला कमी वेगात वरच्या गियरात कण्हत ठेवलं की आत अवेळी स्फोट होतात आणि एखाद्या दिवशी पिस्टन फुटतो. मग साफ करण्याचा प्रश्नच नाही, इंजिन जातं. ‘आठवड्यातनं एकदा तरी पळवायचीच. तिसऱ्या गिअरमधी, चार हजारापर्यंत काटा गेला पायजे. काकांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटंल.’

मला वाईट वाटलेलं चालणार होतं, असं दिसतं. मला त्या माणसाचा राग आला, इंजिन बनवणाऱ्यांचा आला, आणि समोर बशीत चहा ओतून फुंकर घालणाऱ्या बाबांचाही आला. आयुष्यात एकच गोष्ट ज्याला येते त्याला जाऊन सांगायचं, ती तुम्हाला येत नाही. मी त्यांना चालवू दिलं तर गाडी जाणार. गाडी काढून घेतली तर ते जाणार. असा हिशेब घेऊन मी घरी आले.

गाडी साफ होऊन आली तेव्हा मी अर्धंच सांगितलं. ‘बाबा, तो म्हणालो, मधीमधी जरा जोरात चालवची. इंजिनाक बरा असता.’

‘तो माका गाडी चालवक शिकयतलो?’

‘तसा नाय. एकदा करून बघूया.’

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘म्हणजे टुरिस्टांसारखी?’

‘तशीच.’

रविवारी सकाळी आम्ही मोपाच्या सड्यावर, तिथल्या उंच पठारावर, गेलो. विमानतळाकडे जाणारा नवा रस्ता रुंद आहे, सरळ आहे, आणि सकाळी तिथे फारशी वर्दळ नसते. दोन्ही बाजूंना कापलेला तांबडा जांभा आणि वर मोकळं आभाळ. बाबांनी गाडी रस्त्याला लावली आणि सवयीने चौथ्यात, पाचव्यात नेली.

‘तिसरो घाला,’ मी म्हटलं.

त्यांनी तिसरा घातला. काटा अडीच हजारावर गेला.

‘दाबा.’

त्यांनी दाबलं. तीन हजार. इंजिनाचा आवाज वाढला, मग बदलला, मग असा मोठा झाला की आमच्या घरात कोणाचा कधी झाला नव्हता. बाबांच्या कपाळावर घाम आला. लहान मुलाला इंजेक्शन देताना बाप कसा धरून ठेवतो, तसं त्यांनी स्टीअरिंग धरलं होतं. काटा चार हजाराला टेकला आणि गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. उचकी नाही, कापरं नाही. इतके महिने जी रडत होती ती हीच गाडी हे खरं वाटेना. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मला कळलं की आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. बाबांचा कान मेकॅनिकपेक्षा कच्चा नव्हता. इंजिन खूश आहे हे त्यांना माझ्याआधी ऐकू आलं होतं.

त्यांनी पाय काढला. गाडी हळूहळू कडेला घेतली, हॅन्डब्रेक ओढला.

‘म्हणजे ह्या माझ्यामुळा झाला,’ बाबा म्हणाले.

मी म्हणू शकले असते, नाही हो, पेट्रोल वाईट होतं. वाक्य तयार होतं तोंडात. पण मी इतकी दमले होते की खोटं बोलायलाही अंगात त्राण नव्हतं, आणि त्यांना ते ऐकायचंही नव्हतं.

‘होय, बाबा,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चावी काढली नाही, इंजिन बंद केलं नाही. दार उघडून उतरले, गाडीच्या पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझं दार उघडलं.

‘तू चालय आता. ही तशी गाडी नाय. हिका मारूचा लागता. माझ्यान ता होवचा नाय.’

‘बाबा, सवय होतली.’

‘नाय होवची,’ ते म्हणाले. आणि सीटवर बसून पट्टा लावता लावता, रस्त्याकडे बघत, ‘तुझ्या आवशीक सांगू नको.’

मी चालवत आले. मला सफाईने चालवता येत नव्हतं आणि दोनदा गियर खरखरला, पण त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

आईला त्यांनी स्वतःच सांगितलं, त्याच दुपारी जेवताना. कंबर धरली म्हणाले. बसवत नाही गाडीत. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहिलं. मग ती उठली आणि तेलाची बाटली शोधायला गेली.

हे होऊन आता दोन पावसाळे गेले. गाडी उत्तम चालते. मी तिला चढाला दुसऱ्यात घालते, ताणते, आठवड्यातून एकदा मोपाला नेऊन ओरडायला लावते, आणि दिवा परत लागलेला नाही. कोणी विचारलं, हे इंजिन भरवशाचं आहे का, तर मी सांगते, आहे. रोज दुपारी मी शाळेतून घरी येते तेव्हा बाबा पडवीत पालथे पडलेले असतात आणि आई त्यांच्या कंबरेला निर्गुडीचं तेल लावत असते. ती म्हणते, ‘इतकी वर्सा त्या मेल्या ट्रकात बसलात, कंबर जातली नाय तर काय होतला?’ बाबा म्हणतात, ‘जातलीच.’ येणाराजाणाराही तेच म्हणतो, ट्रकवाल्यांचं हे असंच असतं, आणि बाबा कंबरेत काटा कुठे रुतल्यासारखा वाटतो ते त्याला बोटाने नेमकं दाखवतात. काल आई दमली म्हणून तिने बाटली माझ्या हातात दिली. मी बसले, तेल घेतलं आणि त्यांच्या धडधाकट कंबरेवर चोळू लागले. ‘हय काय?’ मी विचारलं. ‘जरासा खाली,’ बाबा म्हणाले, आणि मी खाली चोळलं.